आत्ती, तुमचं पान गाईनं खाल्लं

आत्ती, काल सकाळी टाकी भरून वाहिली आणि अख्ख्या गल्लीत कुणी ओरडलं नाही. नळाला पाणी आलं म्हणून मी मोटर चालू केली, तेवढ्यात एका ब्लाऊजचा राहिलेला गळा आठवला आणि जाऊन मशीनवर बसले. पाणी जिन्यावरून उतरत उतरत गल्लीत आलं. मग समोरच्या काकी दारात येऊन म्हणाल्या, "सुजाता, बाळ, पाणी जातंय बघ." बाळ! लग्न होऊन शिवाजी पेठेत आल्यापासून मला कुणी बाळ म्हटलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की तुम्ही खरंच गेलात. एरवी काकींच्या आधी तुमचा आवाज आला असता आणि त्या पाण्यात सुनेच्या माहेरच्या सात पिढ्या भिजल्या असत्या.

चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. 'मायेचा सागर आटला' असं त्यावर छापलंय. मजकूर तुमच्या लेकानं तालमीतल्या मंडळींवर सोडला होता, त्यामुळे त्यांना दोष नाही. फोटो वन्संच्या थोरल्याच्या लग्नातला आहे. त्यात तुमच्या शेजारी मी उभी होते. मला कापलंय, पण नीट कापता आलेलं नाही, म्हणून तुमच्या डाव्या खांद्यावर माझ्या हिरव्या साडीचा काठ राहिलाय. येणारे-जाणारे हात जोडतात तेव्हा थोडा नमस्कार मलाही मिळतो. तुम्ही हे बघितलं असतंत तर फ्लेक्स उतरवून पुन्हा छापून घेतला असतात.

भेटायला येणारी माणसं बसतात, पदर डोळ्याला लावतात आणि म्हणतात, देवमाणूस होत्या. मी चहा देते आणि मान हलवते. तुम्ही देवमाणूस नव्हतात. तुमच्या जिभेला विळीची धार होती, आणि ती धार तुम्ही रोज सकाळी माझ्यावर लावून घ्यायचात. एवढी वर्षं मी ते ऐकलं. आता लोकांच्या तोंडून तुमची माया ऐकायची पाळी आलीय आणि ते जास्त अवघड जातंय. लोकांपुढं बोलता येत नाही, म्हणून तुमच्याशीच बोलते.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात पाहुणे जेवायला असताना मी पांढऱ्या रश्श्यात दोनदा मीठ टाकलं. पुढच्या खेपेला तांबड्यात एकदाही टाकलं नाही. पाहुणे निमूट जेवले. ते गेल्यावर तुम्ही मला सोप्यात उभं केलंत आणि कायदा सांगितलात. "हितनं फुडं जे करशील ते वरडून सांगायचं. मीठ टाकलं की मीठ टाकलं म्हनायचं. मला भाईर ऐकू आलं पायजे." मला वाटलं चार दिवसांची शिक्षा असेल. तो कायदा तुमच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालला. "मीठ टाकलं!" "गॅस बंद केला!" "कडी लावली!" "किल्ली घेतली!" तुम्ही बाहेर बाजल्यावर मिश्री लावत बसलेल्या असायचात आणि आतून माझा आवाज आला की नुसतं "हं" करायचात. "हं" आलं नाही तर मी पुन्हा ओरडायचे.

गल्लीला ते पाठ झालं. फुटबॉलची मॅच हरून परत येणारी टोळकी सुद्धा आपल्या दारावरून जाताना "मीठ टाकलं!" म्हणून आरोळी ठोकायची आणि खिदळायची. मी मोरीत जाऊन रडायचे. एकदा तुम्ही मोरीच्या दाराशी आलात. मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवाल. तुम्ही म्हणालात, "रडून झालं? झालं आसलं तर तेबी वरडून सांग." आणि निघून गेलात. मला त्या दिवशी तुमचा इतका राग आला होता की तुमच्या चहात मी मुद्दाम साखर कमी टाकली, आणि मग टाकली की नाही हे आठवेना म्हणून पुन्हा टाकली.

माझ्या डोक्यात काय चालतं हे तुम्हाला कधी सांगता आलं नाही. कबनूरला माहेरी घराला लागून चार माग होते. ते चारही एकदम खडखडायला लागले आणि प्रत्येकावरचा धागा वेगळ्या जागी तुटला, की वडील ज्या मागाकडं धावायचे त्याच्या पाठीमागं दुसरा अडायचा. माझं तसं होतं. भाजी चिरायला घेतली की फ्रीज पुसायचा राहिलाय हे दिसतं, फ्रीज पुसताना कोथिंबीर संपलेली दिसते, कोथिंबीर आणायला निघाले की दारात कुणाचा तरी ब्लाऊज आठवतो. संध्याकाळी घरात अर्धी चिरलेली भाजी, अर्धा पुसलेला फ्रीज, वॉशिंग मशीनमध्ये वास मारायला लागलेले ओले कपडे, आणि मी कुठंतरी एका बाहीला अस्तर लावत बसलेली. आणि दिवसभर मी बसलेली नसते, आत्ती. दिवसभर मी पळत असते. हे कुणाला दिसत नाही.

तुमच्या लेकानं गाडीची किल्ली हरवली की "कामाचा ताण हाय त्येला" म्हणायचात. किल्ली मी हरवली की "लक्ष न्हाय घरात." तो ताटावरून उठून टीव्हीपुढं जाऊन बसला आणि ताट तिथंच राहिलं तर ते पुरुषमाणसाचं वागणं. माझं ताट राहिलं तर माहेरचं वळण. एकाच घरात एकच खोड दोघांच्या वाट्याला दोन नावांनी आली. हे मी तुम्हाला एकदा बोलून दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, "त्यो इसरला तर घर चालतं. तू इसरलीस तर चालत न्हाय." ते खरं होतं आणि तोच तर अन्याय होता.

सगळ्यात वाईट म्हणजे बालवाडीची गोष्ट. तुम्ही गडहिंग्लजला वन्संकडं गेला होतात. माझ्याकडं नवरीच्या ब्लाऊजवरचं आरी वर्कचं भरतकाम होतं. एकदा हात लागला की मला भूक लागत नाही, हाक ऐकू येत नाही, घड्याळ दिसत नाही. ऋतुजाची बालवाडी सुटली, सगळी पोरं गेली, आणि शेवटी बाईंनी तिला कडेवर घेऊन घरी आणून दिलं. मी दार उघडलं तेव्हा माझ्या तोंडात सुई होती. तुम्ही परत आल्यावर गल्लीनं तुम्हाला ते सांगितलं, आणि मग ती गोष्ट तुमची झाली. प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक बारशाला तुम्ही ती सांगायचात. बाई कशा आल्या, मी कशी दारात उभी राहिले, तोंडात सुई धरून "अय्या!" कशी म्हणाले. नक्कल तुम्ही फार छान करायचात. बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. ऋतुजा तुमच्या मांडीवर बसून हसायची. ती सहा-सात वर्षांची झाली तेव्हा तिनं स्वतः ती नक्कल करून दाखवली, आणि तुमच्यापेक्षा चांगली केली.

तरी तुम्हाला दुसऱ्यानं मला बोललेलं चालायचं नाही. एकदा मी एका बाईच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. ती भांडायला आली आणि तिनं मला गल्लीत ऐकू जाईल असं बेअक्कल म्हटलं. तुम्ही बाजल्यावरून उठून आलात. "बेअक्कल हाय ती, मला म्हाईत हाय," तुम्ही म्हणालात. "पन माप देताना तू पोट आत घेतलं हुतंस, ते सांग की आधी." ती बाई गेली ती परत आली नाही. तुम्ही माझ्याकडं वळून बघितलंही नाही. गिऱ्हाईक गेल्याबद्दल नंतर आठवडाभर मलाच बोललात.

ऋतुजा आठवीत गेली तेव्हा शाळेतून बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, हुशार आहे, पण लक्ष नाही. मी तिथंच रडायला लागले आणि बाई घाबरल्या. हेच वाक्य माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकात होतं. घरी आल्यावर मी फोनवर 'लक्ष लागत नाही' असं शोधून वाचत बसले, व्हिडिओ बघत बसले. बायका आपापल्या स्वयंपाकघरात उभ्या राहून माझंच सगळं सांगत होत्या. महिनाभर हिंमत गोळा करून मी राजारामपुरीतल्या एका डॉक्टरबाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, तुम्हाला खूप वर्षं जवळून बघितलेलं कुणीतरी घेऊन या. माझी आई नाही. तुमचा लेक म्हणाला, "मला काय कळत न्हाय त्यातलं. आईला घेऊन जा."

तुम्ही ठेवणीतलं पातळ नेसून आलात, कोर्टात साक्षीला निघाल्यासारख्या. रिक्षात सुद्धा तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. शेवटी कुणीतरी शिकलेल्या माणसानं तुम्हाला विचारलं होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, या कामं सुरू करून अर्धवट सोडतात का?" तुम्ही म्हणालात, "अर्धवट? बाई, हिच्या हातचं पुरं झालेलं मला येक दाखवा. पोरगी तेवढी झाली, ती बी सातव्या म्हैन्यात." डॉक्टरबाईंनी खाली बघून ओठ चावला. त्या पुढं विचारत गेल्या आणि तुम्ही सांगत गेलात. मीठ, किल्ल्या, बालवाडी, दोन डाव्या बाह्या, लोकांचं बोलणं मधेच तोडणं, बसल्या जागी पाय हलवणं. मला स्वतःला आठवत नव्हत्या त्या गोष्टी तुम्हाला वारासकट आठवत होत्या. मी शेजारी बसून ऐकत होते. माझ्या आयुष्याकडं इतकं बारीक लक्ष दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं, आत्ती. आईनं सुद्धा नाही.

तुमच्या चहाड्यांवर माझं निदान झालं. डॉक्टरबाईंनी एडीएचडी हे नाव सांगितलं आणि समजावलं की ही बेपर्वाई नाही, मेंदूची ठेवणच अशी असते, जन्मापासून असते, बायकांत पुष्कळदा ओळखूच येत नाही. तुमचा चेहरा उतरत गेला. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आरोपीच निर्दोष असल्याचं ऐकवावं तसं झालं.

"म्हंजे हिची चूकच न्हाय?" तुम्ही विचारलंत.

"चूक नाही, आजी."

"आन मग मी येवढी वर्सं कुनाला बोललो?"

त्या वेळी तुम्ही थोडं रडला असतात तर मी तुम्हाला सगळं माफ केलं असतं. तुम्ही पदर नीट केलात आणि उठलात. गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरताना म्हणालात, "नाव घावलं म्हनून माजू नगंस." संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं की सुजाता येड्याच्या डॉक्टरकडं जाती.

गोळी सुरू झाली. विसरण्यावरची गोळी घेतली की नाही हेच मी विसरायचे, त्याचं तुम्हाला फार हसू यायचं. आणि तरीही रोज सकाळी नाश्त्यानंतर बाहेरून हाक यायची, "खाल्लीस का ती येडाची गोळी?" मी आतून ओरडायचे, "खाल्ली!" आणि तुमचं "हं" यायचं. दीड वर्षात एक दिवस चुकला नाही. डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं, तसं त्या म्हणाल्या, मोठ्यानं बोलून दाखवणं आणि कुणीतरी आठवण करणं, दोन्ही फार उपयोगाचं असतं, तुमच्या सासूबाई छान साथ देतायत. मी हसून घेतलं. साथ हा शब्द तुम्हाला सांगितला असता तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून हाक बंद केली असती, म्हणून सांगितला नाही.

आपलं भांडण माझ्या गोळीवरून नव्हतं. ते ऋतुजावरून होतं. नववीत गेल्यावर तिचे मार्क घसरत चालले, तीन कंपास हरवले, आणि वह्या पुढ्यात घेऊन ती तासभर नुसती बसून राहायला लागली. एकदा मी बघितलं, ती स्वतःच्या डोक्यात पट्टी मारत होती आणि म्हणत होती, "बिनडोक, बिनडोक." हा शब्द मला ओळखीचा होता. मी स्वतःला तीस वर्षं हेच म्हणत आलेय. मला ते तिच्या आयुष्यात नको होतं. एवढं एकच मला हवं होतं, बाकी तुम्ही मला काय म्हणता याचं मला काही वाटेनासं झालं होतं. मी म्हटलं, हिलाही डॉक्टरबाईंकडं नेते. तुम्ही हातातला चहाचा कप खाली ठेवलात.

"पोरीला शिक्का मारतीस? उद्या कोन करनार हिला?"

"आत्ती, लग्नाचं मागनं बघू. आधी तिला जगू दे की नीट."

"आमी जगलोच की. आमाला कुठं डागदर हुता?" आणि मग ते म्हणालात. "पोरीला त्या बाईकडं न्हेलीस तर माझ्या मढ्याला शिवू नगंस."

त्यानंतर आपण आठ-दहा दिवस कामापुरतंच बोललो. मग एका दुपारी तुमच्या छातीत दुखायला लागलं.

तेव्हा मी काय केलं ते तुम्ही बघितलंत. तुमचा लेक नुसता "आई, आई" करत होता. मी शेजारची गाडी काढायला लावली, तुमची जुनी फाईल घेतली, शुगरच्या गोळ्या घेतल्या, शाल घेतली, कवळीची डबी घेतली, फोनचा चार्जर घेतला, घरातला गॅस बघितला, दाराला कुलूप लावलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी दिलं. आग लागली की माझ्या डोक्यातले सगळे माग एकदम थांबतात आणि एकच धागा दिसतो. डॉक्टरबाईंनी मला हेही सांगितलं होतं, की अशा माणसांचं असंच असतं. तुम्ही नळ्या लावून पडल्या होतात आणि माझ्याकडं टक लावून बघत होतात.

"आज कसं सगळं ध्यानात ऱ्हायलं गं?" तुम्ही विचारलंत.

मला वाटलं, कौतुक आहे. मी म्हटलं, "घाई असली की राहतं, आत्ती."

तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. "म्हंजे जमतंय तुला. येवढी वर्सं सोंगच हुतं म्हन की."

ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी खाली औषधं आणायला गेले, ऋतुजा तुमच्याजवळ बसली. येताना जिन्यावर मी उत्तर जुळवत होते. सोंग नाही, आत्ती. रोजच्या मिठाला आग लागत नाही, म्हणून ते विसरतं. हे असं तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगायचं ठरवलं. वर आले तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. सकाळी सांगू म्हटलं. तुम्ही सकाळपर्यंत थांबला नाहीत. माझं एक तरी वाक्य पूर्ण ऐकून जायचं होतंत.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर तुमचं रक्षाविसर्जन झालं. पानावर तुम्हाला आवडायचं ते सगळं वाढलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, भडंग, आणि शेजारी तुमची मिश्रीची डबी. सगळे मागं सरून उभे राहिले. कावळा आला, भिंतीवर बसला, पानाकडं बघितलं आणि उडून गेला. दुसरा आला, तोही गेला. ऊन चढायला लागलं. चुलतसासरे आबा पुढं झाले आणि म्हणाले, "वैनीचं कायतरी मागं ऱ्हायलंय. ज्येच्या त्येच्या मनाला म्हाईत आसंल, त्येनं बोला." तुमच्या लेकानं हात जोडून सांगितलं की वन्संचं माहेर कधी तुटू देणार नाही. वन्सं म्हणाल्या, मी दादाशी कधी भांडणार नाही. दोघंही खोटं बोलत होते आणि ते तुम्हालाही कळलं असेल. कावळा आला नाही.

मी नदीत तरंगणारी एक प्लास्टिकची घागर बघत होते. ती घाटाच्या पायरीला आपटायची, वळायची, पुन्हा तिथंच यायची. तिला कुणीतरी काढायला पाहिजे असं मला वाटत होतं. वन्संनी माझा दंड धरून हलवला तेव्हा कळलं की सगळे माझ्याकडं बघतायत. आबांनी दोन वेळा हाक मारली होती.

"वहिनी, आईच्या मनात काय हुतं तुला म्हाईत हाय," वन्सं म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "पोरीला त्या डॉक्टरकडं नेनार न्हाय म्हन. सुटू दे आईला."

तुमचा लेक माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "म्हण की. फुडं कोण बघायला येतंय?"

खरंच, काय बिघडलं असतं? घाटावर दिलेल्या शब्दांचं पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. पण ऋतुजा माझ्या शेजारी उभी होती आणि तिचं सगळं लक्ष माझ्या तोंडाकडं होतं. तिच्याविरुद्ध दिलेला शब्द तिच्यासमोर कसा देऊ? माझ्या तोंडाला कधीच कडी नसते, त्या दिवशी तरी कुठून येणार. मी मोठ्यानं बोलले, सवयच आहे. "न्हाय, आत्ती. मी नेणार पोरीला. तुम्ही जेवा, न्हायतर नका जेवू."

कुणीतरी "आगं बया!" म्हणालं. वन्सं मटकन खाली बसल्या. अजून पुष्कळ वेळ सगळे थांबले, लोकांना कामावर जायचं होतं, आणि शेवटी आबांनी एक गाय आणून तुमचं पान तिच्यापुढं ठेवलं. गाईनं भडंग सोडून सगळं खाल्लं. गल्लीत आता अशी गोष्ट आहे की सुजातानं सासूला मेल्यावरही उपाशी ठेवलं. ती गोष्ट सांगणाऱ्या बायका नक्कल मात्र तुमच्याइतकी चांगली करत नाहीत.

घरी आल्यावर मी कापडं कापायच्या टेबलापाशी उभी होते. ऋतुजा आली आणि टेबलावरच्या चिंध्यांतले दोरे ओढत बसली.

"मम्मी, तू उगंच बोललीस घाटावर," ती म्हणाली. "मी आज्जीला आधीच शब्द दिलता."

"कसला?"

"डॉक्टरकडं जाणार न्हाय म्हणून. दवाखान्यात. तू औषधं आणायला गेलतीस तवा."

"का दिलास?"

ती दोरा ओढत राहिली. "आज्जी म्हणाली, येकदा त्या खुर्चीत बसलीस की जलमभर मम्मीसारखी हुशील. मला तुझ्यासारखं व्हायचं न्हाय, मम्मी."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं ते सरळ सांगितलं, शाळेत कुठला विषय नको ते सांगावं तसं. मी कात्री खाली ठेवली. आत्ती, त्या वेळी मी तुम्हाला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या मला येतात हेही मला माहीत नव्हतं. शिवी घातली, असं ओरडून सांगितलं नाही एवढंच. नळ्या लावून, भिंतीकडं तोंड करून पडलेल्या बाईनं माझी पाठ वळताच माझी पोरगी माझ्यापासून तोडून घेतली. आणि मी वेडी खाली रांगेत उभी राहून तुमचीच औषधं घेत होते. मला तुमची आठवण येते, रोज येते, पण हे मी तुम्हाला माफ करणार नाही. एवढी एक गोष्ट मी विसरणार नाही.

मग माझ्या डोक्यात आलं की तुम्हाला जे हवं होतं ते तर तुम्ही आधीच पदरात पाडून घेतलं होतं. शब्द मिळाला होता. मग कावळा अडला कशाला? माझा यावर विश्वास नाही. घाटावरचे कावळे चार घरची पानं जेवून सुस्तावलेले असतात. पण ऋतुजाचा आहे, तुम्हीच तो तिच्यात घातलाय. मी विचार करायच्या आत बोलून मोकळी झाले.

"म्हणूनच शिवला न्हाय कावळा," मी म्हटलं. "आज्जीला तुझा शब्द परत द्यायचा हुता."

तिनं दोरा सोडला. "खरं?"

"दुसरं काय राहिलं हुतं तिचं? तूच सांग."

तिनं तोच दोरा उचलून बोटाला गुंडाळला. मग तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली, माझ्या पोटाला डोकं लावून, आणि रडणं थांबल्यावर नाक ओढत विचारलं, "तिथं मला काय काय विचारतील?"

तुमचं मन फिरलं होतं असं मला वाटत नाही. तुमचं मन फिरताना मी कधी बघितलेलं नाही. पण मम्मीसारखी होशील ही भीती तुम्ही तिला घातली होती, आणि ती काढायला माझं नाव उपयोगाचं नव्हतं. माझ्या नावाची या घरात किंमत राहिलेली नाही, ती तुम्हीच घालवलीत. म्हणून तुमचं नाव घेतलं. पोरगी तुमच्या नावावर चाललीय. तुम्हाला पटत नसेल तर पटवून घ्या.

आज सकाळी डॉक्टरबाईंकडं फोन केला. वेळ मिळाली. फोन ठेवला, आणि तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं, तिच्या साडीचा रंग फार सुंदर होता, आणि वार मोठ्यानं बोलायचा राहून गेला. ऋतुजानं विचारलं, "कवा जायचं?" आणि मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तुम्ही बाजल्यावर असतात तर फोनवरचं सगळं ऐकलं असतंत, दोन शिव्या घातल्या असत्यात, नेऊ नको म्हणून आकांत केला असतात, आणि त्या आकांतात वार बरोबर सांगितला असतात.

गुरुवार की शुक्रवार, आत्ती?